नदीकडचा वारा

ब्लाझेना तोम्सोवाने हॉपच्या, म्हणजे बिअरला चव देणाऱ्या वेलीच्या, छाटणीची सुरी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा ती वीस वर्षांची होती, आणि यंदाच्या मार्चमध्ये तिला बासष्टावं लागलं. मधल्या वर्षांत गावच्या सहकारी संस्थेच्या रानात तिच्याइतक्या सफाईने छाटणी करणारी दुसरी बाई झाली नाही, हे तिच्याशी न पटणाऱ्या बायकाही कबूल करत.

काम म्हटलं तर साधं. ओह्रे नदीवरचं धुकं सकाळी दहापर्यंत हटत नाही आणि उत्तरेच्या डोंगरांवर अजून बर्फ दिसतो, त्या दिवसांत ते करायचं. ट्रॅक्टरने दोन्ही बाजूंची लाल माती ओढून घेतली की बायकांनी रांगेत गुडघे टेकायचे, उरलेली माती हाताने सारून वेलीच्या मुळाचा गड्डा उघडा करायचा, मागल्या सालची लाकडासारखी झालेली देठं छाटायची, इकडेतिकडे पळालेल्या मुळ्या काढायच्या आणि वर भुसभुशीत माती लोटायची. सुरी बोटभर खाली गेली तर गड्डा मरतो. बोटभर वर राहिली तर मे महिन्यात दोन-तीन जोमदार कोंबांऐवजी वीस मरतुकडे कोंब तारेवर चढायला बघतात. ब्लाझेनाला बघावं लागत नसे. तिच्या बोटांना ते आपोआप कळे.

ती मूळची इथली नव्हे. पिल्सेनच्या अध्यापिका विद्यालयातून मुलींची एक तुकडी ऑगस्टात तोडणीला आली होती, त्यात ती होती. तीन आठवड्यांचं काम. दुसऱ्याच दिवशी मुकादम तिच्या टोपलीपाशी थांबला, वरची बोंडं बाजूला केली आणि खालून मूठभर पानं काढून तिच्या नाकापुढे धरली.

"बाई, आपल्याला बिअर करायची आहे, बोकड पाळायचे नाहीत."

"मग तुम्ही तोडा, मी ओरडते," ब्लाझेना म्हणाली. "ते काम सोपं दिसतंय."

मुली फिदीफिदी हसल्या. मुकादम हसला नाही. पण तीन आठवडे संपले, बाकीच्या मुली गाडीत बसून गेल्या आणि ब्लाझेना पुढच्या वसंतात लग्न करून परत आली. त्या मुकादमाचं नाव हिनेक तोम्स.

हिनेकने एकतीस वर्षं मुकादमी केली. त्याचं नाव झालं ते मात्र एका वेगळ्याच कामाने. हॉपमध्ये नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी. बिअरला लागतात ती मादीची बोंडं. नराला नुसते फिकट हिरवे तुरे येतात आणि जुलैत त्यांची पिवळी धूळ वाऱ्यावर कोसभर जाते. ती बोंडांवर बसली की बोंडात बी धरतं, आणि बी धरलेल्या मालाला पहिल्या प्रतीचा शिक्का मिळत नाही. म्हणून आमच्या भागात नर वेल दिसली की उपटायची, हा नेम आहे. हिनेक दरवर्षी जूनच्या अखेरीस खांद्यावर कुदळ टाकून निघे. नदीकाठ, रेल्वेचा बांध, दफनभूमीची भिंत, लोकांची कुंपणं, काही सोडत नसे. तोम्सच्या दारावरून जाताना कोंबडाही आवाज बारीक करतो, असं दारूच्या गुत्त्यात लोक म्हणत. हिनेकच्या कानावर ते गेलं तेव्हा तो म्हणाला, "कोंबड्याला भ्यायचं कारण नाही. त्याची धूळ उडत नाही."

अशा माणसाच्या घरामागे, स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून, तीन वर्षांपूर्वी हॉपची एक वेल आपोआप उगवली.

पक्ष्याने टाकलेलं बी असेल, नाहीतर पोत्यांबरोबर आलेलं. हिनेक तेव्हा निवृत्त होऊन घरी होता आणि त्याला दम लागायला सुरुवात झाली होती. "बघू तर खरं काय निघतंय," म्हणत त्याने पन्हाळीपासून जमिनीपर्यंत तार ओढली. पहिली दोन वर्षं वेलीला फूल आलं नाही. तिसऱ्या वर्षी, म्हणजे गेल्या उन्हाळ्यात, हिनेकची खाट स्वयंपाकघरात खिडकीशी आणावी लागली. वरच्या खोलीत जायला त्याला जिना चढवत नव्हता. खिडकीबाहेर त्याला एवढंच दिसे: वेल, तार आणि आकाशाचा हातभर तुकडा.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तुरे आले. ब्लाझेनाने ते धुणं वाळत घालताना पाहिले आणि कात्री घेऊनच ती आत आली.

"हिनेक, नर आहे."

"माहीत आहे. मी मंगळवारपासून बघतोय."

"मग बोलला का नाहीस? कापते."

त्याने मान हलवली. श्वास जमवायला त्याला वेळ लागे, म्हणून ती थांबली.

"जन्मभरात हजारो उपटले," तो म्हणाला. "एकाला पुरतं फुलू दिलं नाही. पूर्ण फुललेला नर कसा दिसतो, मला ठाऊकच नाही बघ. आठवडाभर राहू दे."

"आणि रान?"

"वारा नदीकडचा आहे. नदीकडचा वारा धूळ गावावरून वर टेकडीला नेतो, रानात नाही. रोज बघू. फिरला की काप."

बाकी कुणाला हे सुचलं नसतं. चार दशकं वारा बघितलेल्या माणसालाच असला हिशेब बांधता येतो, आणि त्याच्यावर विश्वासही त्यालाच बसतो. दुसऱ्या दिवसापासून सकाळी दूध तापायला ठेवायच्या आधी ब्लाझेना अंगणात जाई, बोट ओलं करून वर धरी, आणि आत आल्यावर तो खाटेवरून विचारी, "कुठला?"

"नदीकडचा."

पाच दिवस तो खरोखरच नदीकडचा होता. सहाव्या दिवशी बोटाची दुसरी बाजू गार पडली. वारा फिरला होता. तो थेट चर्चमागच्या रानाकडे चालला होता, जिथे संस्थेच्या सगळ्यात चांगल्या वेली होत्या. ब्लाझेना तशीच अंगणात उभी राहिली. खिडकीतून तिला त्याचा चेहरा दिसत होता. तो वेलीकडे बघत होता. कित्येक महिन्यांत तो कशाकडे इतका वेळ बघत राहिला नव्हता.

"कुठला?"

"नदीकडचा," ब्लाझेना म्हणाली.

त्यानंतरचे नऊ दिवस ती हेच म्हणाली. आठवड्याचे दोन आठवडे झाले आणि तुरे आपोआप गळून गेले. सप्टेंबरच्या अकरा तारखेला, शेवटची बोंडं भट्टीत वाळत असताना, हिनेक गेला. संस्थेने त्याच्या शवपेटीवर हॉपची माळ ठेवली.

शेजारच्या सिरिल पोलाशेकने तिला त्या दिवसांत खूप मदत केली. सिरिल रेल्वेतून निवृत्त झालेला, मोराविया प्रांतातला, म्हणजे द्राक्षांच्या मुलखातला. बायको लुद्मिलेला घेऊन तो आठ वर्षांपूर्वी इथे राहायला आला, आणि गावाने त्याचं नाव लगेच 'वाइनवाला' ठेवलं. हिनेकच्या शेवटच्या उन्हाळ्यात तो रोज दुपारी पत्ते घेऊन येई आणि खाटेशी बसे. त्याने स्वतःच्या कुंपणालाही हॉपची एक वेल लावली होती, नदीकाठून मुळी आणून. लुद्मिलेला झोप लागत नसे. कुणीतरी सांगितलं की उशीत हॉपची बोंडं भरली तर लागते. ऑक्टोबरात त्याने अशीच एक छोटी उशी ब्लाझेनाला आणून दिली.

"आमच्या वेलीची बोंडं आहेत, शेजारीणबाई. शिवली लुद्मिलेने. तिला गुण आला, तुम्हालाही येईल."

गुण आला. ब्लाझेना हिवाळाभर त्या उशीवर झोपली. मात्र जानेवारीत एका दुपारी ती जरा आडवी झाली असताना कानाखाली काहीतरी बारीक टोचलं. तिने उशी चाचपली. कापडाखाली बारीक, कठीण, मोहरीहून थोडे मोठे दाणे होते. पुष्कळ होते. ती उठून बसली. बोंडात बी धरलं होतं. सिरिलच्या वेलीला, म्हणजे तिच्या खिडकीपासून वीस पावलांवरच्या मादीला.

त्याच महिन्यात शहरातून परीक्षकांचा निकाल आला. चर्चमागच्या रानाचा माल दुसऱ्या प्रतीत गेला होता. कारण: बी.

असं गावात कुणाला आठवत नव्हतं. गुत्त्यात दोन महिने दुसरा विषय नव्हता. नर कुठे आहे? नदीकाठ तपासला, रेल्वेचा बांध तपासला. पण वेली हिवाळ्याआधीच कापून जाळतात, मार्चमध्ये जमिनीत फक्त गड्डे असतात, आणि नुसता गड्डा बघून नर की मादी हे कुणालाच सांगता येत नाही. जुलैपर्यंत थांबायचं तर आणखी एक पीक हातचं जायचं. शेवटी संस्थेच्या सभेत ठरलं: गावात घरोघरी लावलेल्या हॉपच्या वेली ईस्टरच्या आत मुळासकट काढायच्या. तशा वेली होत्याच किती, तीन. शाळामास्तराने आपली स्वतःच उपटली. दुसरी वाइनवाल्याची, नदीकाठून आणलेली. सगळ्यांची खात्री पटली होती की तीच ती. तिसरी तोम्सच्या घरची.

सभेच्या दुसऱ्या दिवशी चेअरमन सेद्मिक स्वतः ब्लाझेनाकडे आले. टोपी हातात, बूट दारात नीट पुसून. ब्लाझेनाने बटाट्याचं सूप गरम केलं. त्यांनी दोन ताटल्या संपवल्या आणि मग विषय काढला.

"तुमची वेल राहू द्यायची ठरलंय, तोम्सबाई. एकमताने. हिनेकच्या हातची वेल, तिच्यावर कोण शंका घेणार? शेवटी शेवटी तो तिच्याकडेच बघत असायचा म्हणे."

"हो," ब्लाझेना म्हणाली. "तिच्याकडेच."

"आणखी एक. नवी भट्टी मे महिन्यात सुरू होतेय. तिला हिनेकचं नाव देतोय. पाटी तयार झाली."

ब्लाझेनाने त्यांची ताटली उचलली आणि नळाखाली धरली. पाणी बराच वेळ वाहत राहिलं.

"आणि तुमच्याकडे एक काम आहे," चेअरमन मागून म्हणाले. "शनिवारी वाइनवाल्याची वेल काढायची. स्तान्दा येईल कुदळ घेऊन, पण तो ट्रॅक्टरवाला, त्याचा हात म्हणजे नांगर. नर आहे तो. मुळीचा बोटभर तुकडा राहिला तरी पुन्हा उठेल. तुमच्यासारखा हात दुसरा नाही. हिनेकची सुरी आहे ना?"

"आहे."

"मग झालं. हिनेकलाही बरं वाटेल."

ते गेल्यावर ब्लाझेना खिडकीशी जाऊन बसली. खाट केव्हाच वर नेली होती. बाहेर तारेवर मागल्या सालची वेल तशीच वाळून लोंबत होती. एरवी तिने ती नोव्हेंबरातच कापून जाळली असती. यंदा हात उठला नव्हता. तिला वाटलं, शनिवारच्या आत गुपचूप आपली वेल उपटून टाकावी. मग नर राहणार नाही, माल सुधारेल, हिनेकची पाटी लागेल, आणि कुणाला काही कळणार नाही. फक्त सिरिलची वेल जाईल. आणि 'वाइनवाल्याने गावाचा माल बुडवला' हे सिरिलच्या मरणापर्यंत, कदाचित त्यानंतरही, बोललं जाईल. गाव ते विसरणार नाही. शिवाय पुढच्या वर्षी माल चांगला आला की तोच पुरावा होईल.

गुरुवारी सकाळी ती कोंबड्यांना दाणे टाकत होती. सिरिल कुंपणाशी आला. दाढी केलेली नव्हती.

"शेजारीणबाई, शनिवारी तुम्हीच येणार म्हणे सुरी घेऊन."

"चेअरमननी सांगितलं."

"माझ्या वेलीला बोंडं येतात. तुम्ही त्यांच्यावर डोकं ठेवून झोपता. नराला बोंडं येत नाहीत, एवढं आता मलासुद्धा कळतं, मी वाइनवाला असलो तरी."

"हे तुम्ही सभेत सांगितलंत?"

"सांगितलं की! लुद्मिलेची उशी घेऊन गेलो होतो. स्तान्दा काय म्हणाला माहीत आहे? म्हणे, 'बोंडं आमच्या रानातून उचललीत, वर पुरावा म्हणून दाखवता?' म्हणजे नर नसेल तर मी चोर, आणि चोर नसेन तर नर. सगळे हसले." त्याने कुंपणाची एक फळी हलवून पाहिली. "तुमचं ऐकतील. एक शब्द टाका. माझ्यासाठी नको, लुद्मिलेसाठी. ती म्हणते, आपण परत जाऊ. आठ वर्षांनी! कुठे परत जायचं?"

ब्लाझेनाने हातातले सगळे दाणे एकदम टाकून दिले.

"मी काय सांगणार? सभेने ठरवलंय."

सिरिल तिच्याकडे बघत राहिला. मग मान खाली घालून म्हणाला, "हिनेक असता तर त्याने नर शोधून काढला असता. पत्ते खेळताना एकदा मी म्हटलं, आपल्या पत्त्यांवर ही कसली पिवळी धूळ बसलीय? तर म्हणाला, लिंडनच्या झाडाचा मोहर आहे, चौकातल्या. त्याला झाडांचं सगळं कळायचं."

तो निघून गेला. ब्लाझेना कोंबड्यांच्या मधोमध उभी राहिली. हिनेक खोटं बोलला होता. तिला ते आजवर माहीत नव्हतं. तिला वाटत होतं, त्या घरात खोटं फक्त तिनेच बोललं. मग सकाळी ती 'नदीकडचा' म्हणायची तेव्हाही त्याला खरं ठाऊक होतं का? खिडकीबाहेरची वेल तर त्याला दिसत होती. तुरे कुठल्या बाजूला झुकतात, हे चाळीस वर्षं वारा बघितलेल्या माणसाला दिसलं नसेल? तो विचारत होता आणि ती सांगत होती, आणि कदाचित दोघांनाही माहीत होतं.

शुक्रवारी तिने सुरीला धार लावली. धार लावताना तिचं बोट कापलं. असं विसाव्या वर्षानंतर झालं नव्हतं.

शनिवारी दहाच्या सुमारास धुकं हटलं. सिरिलच्या अंगणात चेअरमन, स्तान्दा आणि संस्थेची चार-पाच माणसं जमली होती. लुद्मिला दारात खुर्ची टाकून बसली होती, अंगावर शाल, तोंड दुसरीकडे. सिरिलने सगळं आधीच नीट करून ठेवलं होतं. वेल त्याने ऑक्टोबरातच बुंध्याशी कापून जाळली होती, पुस्तकात लिहिलंय तशी. त्यामुळे दाखवण्यासारखं एकही वाळकं देठ त्याच्याकडे उरलं नव्हतं.

"या, तोम्सबाई," स्तान्दा म्हणाला. "मी खणतो, तुम्ही बारीकसारीक बघा. वाइनवाल्या, वाइन पाजणार की नाही? तुझ्या नवरदेवाला निरोप द्यायचाय."

कुणीतरी हसलं.

"कुदळ बाजूला ठेव," ब्लाझेना म्हणाली.

ती गुडघ्यावर बसली. लाल माती गार होती. तिने बोटांनी ती सारली, गड्डा उघडा केला. चांगला मोठा, निरोगी गड्डा होता. कडेने गुलाबी टोकाचे पांढरे कोंब नुकते मातीत वर सरकत होते. हे कोंब अंड्यात परतून खायची हिनेकला आवड. तिने सुरी काढली. तिने जुन्या देठांचे खुंट छाटले, पळालेल्या दोन मुळ्या काढल्या, आणि गड्ड्यावर भुसभुशीत माती लोटली, जशी गेली चाळीस वर्षं लोटत आली होती. मग माती दाबली आणि हात झाडून उभी राहिली.

"हे काय?" चेअरमन म्हणाले. "काढायचा होता."

"छाटणी केली. चांगला गड्डा आहे. मेमध्ये दोन कोंब चढवा, सिरिल, जास्त नको."

तिने पिशवीतून उशी काढली. सुरीच्या टोकाने शिवण उसवली आणि चेअरमनच्या हातातल्या टोपीत बोंडं ओतली. कडवट, झोप आणणारा वास सुटला.

"ही ऑक्टोबरात सिरिलने मला दिली. चिरून बघा एखादं."

चेअरमननी बोंड कुस्करलं. काळपट दाणे तळहातावर उरले.

"बी आहे!" स्तान्दा म्हणाला. "मग? आमच्याच रानातली..."

"स्तान्दा, मी चोरीच्या मालावर झोपते असं म्हणायचंय का तुला?"

स्तान्दा एक पाऊल मागे सरकला.

"ही मादी आहे," ब्लाझेना म्हणाली. "आणि तिला बी धरलं, कारण नर इथून वीस पावलांवर होता. चला."

ती पुढे निघाली. कुंपणाच्या फाटकातून, कोंबड्यांमधून, आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी. माणसं मागून आली. तारेवरची वाळकी वेल तिने हातात धरली आणि थोडी ओढली.

"बोंड शोधा हिच्यावर. एक तरी."

शोधायची गरज नव्हती. हिवाळाभर न तोडलेल्या मादीवर कागदासारखी बोंडं लोंबत राहतात. या वेलीवर सुतासारख्या काड्यांचे झुपके होते, आणि बाकी काही नव्हतं.

स्तान्दा हसायला गेला. "तोम्सच्या दारात नर? तोम्सने स्वतःच्या मिशा उपटल्या असत्या..." बाकीच्यांचे चेहरे बघून तो थांबला.

चेअरमननी टोपीतली बोंडं दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. ती सांडू नयेत याचीच त्यांना जास्त काळजी पडल्यासारखी वाटत होती.

"हिनेक आजारी होता," ते हळूच म्हणाले. "त्या अवस्थेत माणसाला काय दिसणार? तसंच सांगू या. त्याला कळलं नाही."

हे सोपं होतं. ब्लाझेनाने फक्त मान डोलवायची होती.

"त्याला दुसरं काही दिसतच नव्हतं," ती म्हणाली. "त्याला माहीत होतं. मलाही होतं. तो रोज मला वारा विचारायचा. पहिले पाच दिवस नदीकडचा होता. मग तुमच्या रानाकडे फिरला, आणि मी नदीकडचाच सांगत राहिले. दहा दिवस."

चौकातल्या चर्चची साडेदहाची घंटा झाली. एक माणूस घसा खाकरून फाटकाकडे निघाला, मग दुसरा. चेअरमननी बोंडं परत उशीत भरली, एकेक, जणू ती मोजूनच द्यायची होती, आणि उशी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

"पाटी..." ते म्हणाले आणि पुढे त्यांना सुचलं नाही. "सभेपुढे ठेवावं लागेल."

"ठेवा."

सिरिल शेवटपर्यंत थांबला. तो कुंपणाच्या त्या बाजूला, फाटकाशी उभा होता.

"गुरुवारी मी तुमच्यासमोर उभा होतो," तो म्हणाला. "हात पसरून."

"होय."

"लुद्मिला तीन दिवस जेवली नाही."

सिरिलने फाटक लावलं, कडी घातली. इतक्या वर्षांत ती कडी कधी घातलेली नव्हती. ती गंजलेली होती, लवकर बसेना. ती बसेपर्यंत दोघेही तिच्याकडेच बघत राहिले.

त्या दिवशी ब्लाझेनाने आपली वेल काढली. कुणाला बोलावलं नाही. गड्डा तासाभरात निघाला, पण मुळ्या दूर पळाल्या होत्या. त्यांचा एकेक करून माग काढत ती संध्याकाळपर्यंत भिंतीलगत सरकत राहिली. शेवटची मुळी, करंगळीएवढी जाड, घराच्या पायाखाली शिरली होती, बरोबर जिथे हिनेकची खाट होती त्या जागेखाली. तिथवर ना सुरी पोहोचत होती, ना हात. तिने दिसली तेवढी कापली. राहिलेली आतच राहिली.

सभेत काय झालं ते तिला स्तान्दाच्या बायकोकडून कळलं. भट्टी मेमध्ये सुरू झाली, नावाशिवाय. पाटी संस्थेच्या कचेरीत कपाटामागे कागदात गुंडाळून ठेवलीय. फेकायला कुणी धजत नाही आणि लावायलाही. छाटणीला तिला यंदा बोलावणं आलं नाही. कुणी टाकून बोललं नाही, फक्त दुकानात ती शिरली की बोलणं दोन शब्द आधी थांबतं. सिरिलला लोक अजून वाइनवालाच म्हणतात. मात्र गुत्त्यात त्याला बसायला खुर्ची सरकवून देतात.

मेच्या पहिल्या आठवड्यात सिरिलने दोन कोंब तारेवर चढवले. सूर्य फिरतो त्या दिशेने, बरोबर. कुणी शिकवलं कुणास ठाऊक. ब्लाझेनाने ते स्वयंपाकघरातून पाहिलं. ती आता रोज सकाळी दूध ठेवायच्या आधी अंगणात जाते. वारा बघायला नाही, भिंतीकडेची जमीन बघायला. पायाखालची ती मुळी दर चार-पाच दिवसांनी कुठूनतरी डोकं वर काढते. कोंब पांढरा, दुबळा, अंधारातून आलेला असतो. ती वाकते, माती सारते आणि हिनेकच्या सुरीने जमेल तितका खालून कापते. किती वर्षं कापावं लागेल, हे तिला ठाऊक आहे. जोवर ती आहे, तोवर.

परवा ती अशीच वाकलेली होती. कापलेला कोंब हातात घेऊन उठणार, तोच कुंपणापलीकडून आवाज आला. दीड महिन्यात पहिल्यांदा.

"अजून एक आहे," सिरिल म्हणाला. "डावीकडे, पन्हाळीखाली."

तिने मान वळवेपर्यंत तो घरात गेला होता. पन्हाळीखाली खरंच एक होता. ती पुन्हा गुडघ्यावर बसली.